स्थानिक घ्यायचं ठरवलंय? आधी अख्खं आणि दळलेलं वेगळं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागला राहणारं पाच माणसांचं कुटुंब. नवरा-बायको दोघं नोकरीला, दोन मुलं शाळेत, सासूबाईंना मधुमेह. आजवर महिन्याचा किराणा मॉलमधून यायचा: रिफाइंड तेल, पाकिटातला आटा, हळद-तिखटाच्या पुड्या, साखर, बिस्किटं. आता सगळं स्थानिक घ्यायचं ठरवलंय. पण घाण्याचं तेल जवळजवळ दुप्पट भावाचं, प्रत्येक गूळवाला 'केमिकल फ्री' म्हणतो, आणि गवळ्याचं दूध लावावं की नाही यावर घरातच एकमत नाही. सुरुवात कुठून करू आणि फसवणूक कशी ओळखू, असं ताईंनी विचारलंय.

ताई, 'स्थानिक' आणि 'कारखान्यात न बनलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भागात त्या फारशा जुळत नाहीत. सांगलीत साखरेइतकं स्थानिक काही नाही आणि साखरेइतकं कारखानीही काही नाही. उलट ब्याडगी मिरची कर्नाटकातून येते, तरी ती अख्खी आणून समोर कुटून घेतलेलं तिखट पुडीपेक्षा केव्हाही चांगलं. म्हणून किती किलोमीटरवरून आलं हे मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिला प्रश्न असा की माल खराब किंवा खोटा नेमका कुठल्या टप्प्यावर होतो? बहुतेक वेळा दळताना, गाळताना किंवा मिसळताना. अख्खं हळकुंड, मिरची, ज्वारीचा दाणा, शेंगदाणा यांची परीक्षा डोळा, नाक आणि दात करू शकतात. पूड झाली की ती फक्त प्रयोगशाळेला जमते. तेव्हा जिथे अख्खा माल घेऊन शेवटचं काम डोळ्यांसमोर करून घेता येतं, तिथे बदला. जिथे सुरक्षितपणा प्रक्रियेतूनच येतो, उदाहरणार्थ दूध आणि मीठ, तिथे पाकिटाला नावं ठेवू नका. मीठ तर आयोडीनयुक्तच घ्या.

यात घरापरत्वे फरक पडतो तो तीन गोष्टींनी: फ्लॅटमध्ये कोठी ठेवायला जागा आहे का, हंगामात एकरकमी पैसे काढता येतात का, आणि फेब्रुवारी ते एप्रिल दोन-तीन रविवार मोकळे मिळतात का. यातलं एकही नसेल तर फक्त हळद आणि तिखट बदला, बाकीचं पुढच्या वर्षी.

हळदीपासून सुरुवात करा, कारण पैसे कमी लागतात आणि सांगलीत राहून पुडीची हळद खाण्यात काही अर्थ नाही. २०१८ मध्ये इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते काही दुकानातल्या प्रत्येक पुडीची हमी देत नाही. सांगलीच्या बाजारात विकली जाणारी सगळी हळद सांगली जिल्ह्यात पिकलेली नसते, बाहेरूनही पुष्कळ येते. माणशी रोज एक ग्रॅम धरली तर पाच जणांना वर्षाला दोन किलो पुरते. नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून दिसू लागतो. हळकुंड मोडून बघा. नीट शिजवून वाळवलेलं हळकुंड कट्कन तुटतं आणि आतून कडेपासून गाभ्यापर्यंत एकसारखं गडद, तुकतुकीत दिसतं. वाकलं किंवा चिवट लागलं तर ओल राहिलीय, पावसाळ्यात बुरशी धरणार. मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर चार-पाच हळकुंडं घासा. थोडा पिवळा डाग पडणारच. पण फडकं भडक पिवळं झालं आणि हळकुंड मात्र फिकं पडलं, तर वरून रंग चढवलाय. चकाकीसाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, चोळण्याची लबाडी बांगलादेशात २०१९ च्या संशोधनातून उघड झाली. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं, तेव्हा हा विषय चवीपुरता नाही. बिनपॉलिशची मागा. दिसायला मळकट असते, पण लपवायला त्यात जागा नसते. हळदीच्या जातींत सेलम रंगाला गडद, राजापुरी जाड आणि थोडी फिकी. रोजच्या भाजीला दोन्ही चालतात.

दळताना एवढंच पाहा: हळदीची चक्की वेगळी असावी आणि पहिली मूठभर पूड बाजूला काढावी, कारण त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल असतो. दोन किलोची साधारण एकोणीसशे ग्रॅम हातात आली तर ठीक. दोन किलोची दोन किलो भरली, तर शेजारणीची हळदही तुमच्या डब्यात आली असं समजा.

तिखटाचं गणितही असंच. रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी किंवा संकेश्वरी. घरात मुलं आणि वयस्कर माणूस आहे, तर ब्याडगी दोन भाग आणि तिखट मिरची एक भाग पुरे. मिरची घेताना पोत्याच्या तळातली मूठ मागा. वरचा थर नेहमीच देखणा असतो. पांढरट पडलेली, आतून काळपट बुरशी असलेली मिरची बाजूला काढा. देठं काढून दोन-तीन कडक उन्हं द्या, मिरची मुठीत दाबल्यावर चुरली पाहिजे. किलोमागे देठांचे शंभर-दीडशे ग्रॅम जातात, तेवढे हिशेबात धरा. कांदा-लसूण मसाला करणार असाल तर बिघडतो तो कांद्यामुळे. पातळ चिरून दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय तळायचा नाही, आणि तळल्यावर तो मोडला की कुरकुरला पाहिजे. मध्ये मऊपणा राहिला, तर जुलैत बरणी उघडल्यावर वर पांढरी जाळी दिसते. मग कितीही मीठ घालून काही होत नाही. लसूणसुद्धा तळून, गार करूनच मसाला कुटायच्या डंकावर न्या. गरम मसाला बरणीत भरला तर झाकणाला घाम येतो आणि तोच थेंब खाली पडून बुरशी सुरू होते.

आता धान्य. तुम्ही स्थानिक गव्हाच्या मागे लागू नका. इथे मिळणारा लोकवन-सिहोर जातीचा गहू बराचसा मध्य प्रदेशातून येतो, तोच अख्खा आणून गिरणीत दळला तरी पाकिटातल्या आट्यापेक्षा बरा. कृष्णाकाठची खपली हा खरा आपला गहू. खीर आणि पुरणपोळीला तिला तोड नाही, पण भाव चढा. आणि 'खपलीत ग्लुटेन नसतं' असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे.

आपलं खरं स्थानिक धान्य म्हणजे जत-आटपाडीकडची शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि माण-खटावची बाजरी. एका वेळच्या जेवणात पोळीऐवजी भाकरी आली, की स्थानिक खाण्याचा निम्मा बदल तिथेच झाला. हिशेब करा: रोज सात-आठ भाकऱ्या, एकेक पंचाहत्तर ग्रॅम पिठाची, म्हणजे महिन्याला सोळा ते अठरा किलो. वर्षाचे दोन क्विंटल होतात. पहिल्या वर्षी एवढं भरू नका. पन्नास किलो मालदांडी, म्हणजे शाळूचीच एक जात, घ्या आणि घरात ती खाल्ली जाते का बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, तेव्हा भाव आणि माल दोन्ही बरे असतात. दाणा दाताखाली घ्या. टक् आवाज करून फुटला तर वाळलाय, दबला तर अजून उन्हं हवीत. ओंजळीत घेऊन फुंकर मारा, काडीकचरा आणि पोचट दाणे किती उडतात ते कळतं. टपोरा मोत्यासारखा पांढरा दाणा पाहिजेच असा हट्ट नको, पण काळे ठिपके असलेला, पावसात भिजलेला माल घेऊ नका.

घरी आणल्यावर दोन-तीन उन्हं द्या, रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. ऊन लागलेलं धान्य गरमच भरलं की कोठीच्या आत दव धरतं आणि सोंडे होतात. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग कडुलिंबाच्या पाल्याला दोष देतात. कोठी काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, आणि महिन्याचं महिन्याला काढून लगेच झाकण घट्ट लावा. गहू आणि डाळींना दहा किलोमागे चार-पाच चहाचे चमचे एरंडेल चोळलं तरी पुरतं. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. ओलीशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो. किडलेली ज्वारी गेली तर जाऊ द्या.

पीठ आठवड्याचंच दळा. जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि चव कडवट होते. 'मला भाकरी जमत नाही' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं पीठ जुनं असतं.

तेलाचा भाग जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगतेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाण्यात तेल निम्म्याच्या आसपास असतं, पण घाणा ते सगळं काढू शकत नाही, काही पेंडीत राहतं. आता समजा दाणे १२० रुपये किलो आहेत. अडीच किलोचे ३०० झाले. पेंड विकून पन्नास-साठ सुटले, तरी वीज, मजुरी, बाटली आणि दुकानभाडं वर चढतंच. म्हणजे तीनशेच्या खाली शुद्ध घाण्याचं तेल परवडू शकत नाही. त्या दिवशीचा दाण्याचा भाव विचारा, अडीचने गुणा, आणि तेलाचा भाव त्याच्या बराच खाली असेल तर त्या तेलात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, किंवा दाणे असे आहेत की तुम्ही ते हातात घेणार नाही.

या दुसऱ्या शक्यतेकडे कोणी लक्ष देत नाही. खरिपाच्या शेंगा काढणीला पावसात सापडल्या आणि नीट वाळल्या नाहीत, की दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला बाधतं आणि स्वयंपाकाच्या आचेला नष्ट होत नाही. रिफायनरीत क्षाराची प्रक्रिया होते तेव्हा ते बहुतांशी निघून जातं. घाण्याच्या तेलात अशी कुठलीच चाळणी नसते. म्हणून खराब दाण्याचं घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा वाईट, आणि चांगल्या दाण्याचं घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा चांगलं. घाणा लाकडी आहे की लोखंडी, यावर लोक तास तास बोलतात आणि दाण्याच्या पोत्यात हात घालत नाहीत. तुम्ही घाला. मूठभर दाणे काढून वास घ्या, कुबट नको. सुरकुतलेले, काळे-हिरवट डाग पडलेले, साल सुटून आत पिवळट-तपकिरी झालेले दाणे किती आहेत ते बघा. शंभरात दोन-तीन तुटके असतील तर हरकत नाही. बुरशीचे दाणे सहज हाताला लागत असतील, तर त्या पोत्याचं तेल घेऊ नका.

सगळ्यात उत्तम म्हणजे दाणे स्वतः नेऊन द्या. बरेच घाणेवाले गिऱ्हाइकाचा माल गाळून देतात. एका घाण्याची भरती ठरलेली असते, बहुधा दहा-पंधरा किलोची, म्हणजे चार ते सहा लिटर तेल आलं. दोघी मैत्रिणींनी मिळून केलं तर परवडतं. गाळताना दाण्यावर थोडं पाणी शिंपडतात, त्याशिवाय पेंड धरत नाही. त्यात फसवणूक नाही. पण पाणी जास्त झालं तर ओल तेलात उतरते आणि ते लवकर खवट होतं. ताजं तेल तीन-चार दिवस स्टीलच्या पिंपात न हलवता ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं हलक्या हाताने काढून कोरड्या बाटल्यांत काठोकाठ भरा. प्लास्टिक नको, गॅसशेजारची फळी नको. शेंगतेल तीन महिने सहज राहतं. करडई त्याहून लवकर खवटते, म्हणून ती महिन्या-दीड महिन्यापुरतीच आणा.

दुप्पट भावाचं कसं जमवायचं? कमी वापरून. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे पाच जणांना अडीच लिटर पुरतात. सध्या महिन्याला पाच लिटर जात असेल, तर तेवढ्याच पैशांत बसतं. फोडणीला आणि चटणीला घाण्याचं वापरा. सणाच्या तळणीला ते फेसाळतं आणि लवकर धुरावतं. तिथे रिफाइंड शेंगतेल घेतलं म्हणून काही बिघडत नाही.

गुळाकडे येऊ. इथे अख्खं आणि दळलेलं हा नियम चालत नाही, कारण ढेप म्हणजे शिजवून तयार झालेलाच पदार्थ. तेव्हा भावाचं गणित आणि गुऱ्हाळावरची एक फेरी एवढीच साधनं उरतात. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. टनभर उसातून गूळ निघतो शंभर ते एकशेवीस किलो. किलोमागे नुसता ऊसच २८ ते ३४ रुपयांचा झाला. जळणाला चिपाडं घरचीच, पण मजुरी आहे. गुळाचा भाव साखरेच्या वर गेला, की रस उकळायच्या काहिलीत साखरेचं पोतं रिकामं करण्याचा मोह सुटतो, आणि तो सुटलेला आहे. असा गूळ फोडल्यावर कडक खड्यांसारखा तुटतो, उन्हात धरला की कण चमकतात आणि उसाचा वास जवळजवळ नसतो.

पिवळाधमक रंग बहुधा हायड्रॉसचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा. रस उकळताना मळी वर काढायला रानभेंडीचा चीक आणि थोडा चुना पुरतो. हायड्रॉस टाकतात तो रंग उजळायला. काही दिवसांनी तो रंग पुन्हा काळवंडतो, हीसुद्धा एक खूण आहे. पण काळा तेवढा शुद्ध, असंही धरू नका. करपलेला किंवा खारवट जमिनीतल्या उसाचा गूळही काळा असतो. कृष्णाकाठी अशा जमिनी कमी नाहीत. तो जिभेवर खारट लागतो आणि पावसाळ्यात पाझरतो. घरच्या घरी हायड्रॉस खात्रीने पकडणारी युक्ती नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ग्लासभर पाण्याच्या परीक्षेने गाळ आणि माती कळते, सल्फर कळत नाही.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, ऊस पक्व असताना, कऱ्हाड-शिराळ्याच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी जा. चुलवाणाच्या आसपास नजर टाका. पांढऱ्या पावडरीची पाकिटं किंवा साखरेची पोती दिसली तर चहा पिऊन परत या. नाही दिसली तर गुळव्याला सरळ विचारा, मळी कशाने काढता? भेंडी वापरणारा माणूस बादलीतला चीक दाखवतो. पाच जणांना वर्षाला दहा-बारा किलो खूप झाला. एकेक किलोच्या ढेपी घ्या, प्रत्येक वेगळी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे पावसाळ्यात एक उघडली तरी बाकीच्या सुटत नाहीत. आणि सासूबाईंसाठी साखर आणि गूळ सारखाच. गुळातही मुख्यतः तीच साखर असते. 'नैसर्गिक आहे' म्हणून त्यांच्या चहात गूळ घालू नका.

दुधाबाबत माझं मत घरातल्या पाकीटवाल्या पक्षाकडे झुकतं. जिल्ह्यातल्या डेअऱ्यांचं पाकीट हेही स्थानिकच दूध आहे, वर पाश्चरायझेशन झालेलं आणि थंड साखळीतून आलेलं. गवळ्याचं घ्यायचंच असेल तर धार काढल्यापासून दोन तासांत घरी येतं का, गोठा बघू देतात का, हे विचारा, आणि आल्याबरोबर उकळा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. घट्ट दिसतं म्हणून खूश होऊ नका. उकळून गार केलेल्या चमचाभर दुधात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर पीठ मिसळलंय.

भाजी-फळांत 'जवळचं म्हणजे बिनफवारणीचं' ही समजूत सोडा. युरोपला निर्यात होणाऱ्या द्राक्षांना औषधांच्या अंशांची तपासणी सक्तीची असते, गाड्यावरच्या द्राक्षांना नाही.  हंगामातली भाजी आठवडी बाजारातून घ्या, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, एवढंच. तासगावच्या बेदाण्यात हिरवट-सोनेरी माल गंधकाची धुरी दिलेला असतो. घरात कोणाला दमा असेल तर तपकिरी, बिनधुरीचा मागून घ्या.

राहिली बिस्किटं. बेकरीत जाऊन 'स्थानिक' खारी-नानकटाई आणाल, तर पाकिटापेक्षा वाईट सौदा होऊ शकतो, कारण त्यात वनस्पती तूप किती आणि कुठलं, ते लिहिलेलंच नसतं. फरसाणाचं तेल किती वेळा तापलंय तेही कळत नाही. मुलांना शाळेतून आल्यावर द्यायला घरचं भडंग करा. पाव किलो भडंगाचे चुरमुरे, शंभर ग्रॅम दाणे, चार मोठे चमचे घाण्याचं तेल, आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, कढीपत्ता, दोन चमचे तिखट, पाव चमचा हळद, मीठ आणि हवी तर चमचाभर पिठीसाखर. चुरमुरे आधी कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून बाजूला काढा. तेलात दाणे आणि लसूण तांबूस झाले की गॅस बंद करा, आणि मगच तिखट-हळद घाला. जळतं ते इथेच. वर चुरमुरे टाकून झाऱ्याने खालून वर हलवा, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. आठ दिवस टिकतं, उरलं तर.